विषय विचाराधीन आहे

५ जानेवारी, सोमवार. सायं. ५.४०
सव्विसाव्या सेकंदाला परत ओढला. मेल पाठवल्यावर तीस सेकंद मिळतात. तेवढ्यात ‘अनडू’ दाबलं की तो पुन्हा आपल्या हातात. आजची ही चौथी वेळ. ‘झालं ते झालं’ हे वाक्य नको होतं. कोर्टात ही सोय असती तर बऱ्याच केसेस जिंकलो असतो.

सिंधू अकोल्याला बहिणीकडे आहे. सत्तावीस दिवस. तिच्या आईच्या तेराव्याला मी गेलो नाही म्हणून. त्या दिवशी माझी तारीख होती. ती पुढे ढकलली गेली हा माझा दोष नाही. भांडणात मी म्हणालो, जे म्हणायचं ते लेखी दे. तेव्हापासून लेखी देते आहे. फोन उचलत नाही.

संकल्प: एक निर्दोष मेल. संक्रांतीच्या आत सिंधू अमरावतीत.

६ जानेवारी
जुईलीचा पुण्याहून फोन. म्हणाली, बाबा, मेल राहू द्या, तुम्ही स्वतः जा. मी विचारलं, लेबल कसं लावायचं? तिने सांगितलं आणि ठेवला.

फिल्टर केला. सिंधूचे मेल आता इनबॉक्समध्ये न येता थेट ‘घरगुती’ या लेबलखाली. रंग हिरवा. मसुदा पूर्ण होईपर्यंत उघडायचे नाहीत. तिच्या प्रत्येक मेलने मुद्दे बदलतात.

८ जानेवारी
इनबॉक्स शून्य! वकिलीच्या तीस वर्षांत टेबलसुद्धा असं रिकामं झालं नव्हतं. किसनरावला, माझ्या मुन्शीला, दाखवला. म्हणतो, “रिकामाच हाय न साहेब. यात पाहाचं काय?”

स्वयंचलित उत्तरही लावलं: ‘आपला मेल मिळाला. विषय विचाराधीन आहे. यथावकाश कळवण्यात येईल.’ अशिलांवर वचक राहील.

९ जानेवारी
मसुदा तयार. सात मुद्दे, तीन परिशिष्टं. माफी मुद्दा क्र. ६ मध्ये, अटींसह. खाली नवी सही: नाव, पदवी, कार्यालयीन वेळ.

किसनरावने चष्मा लावून वाचलं. “साहेब, हे त नोटीस हाय. बाईले नोटीस देऊन राहिले का? अकोला का लंडन हाय? दोन घंट्याची वाट. जा अन् घेऊन या.”

अगदीच दुर्लक्ष केलं नाही. वर ‘सप्रेम’ टाकलं.

१० जानेवारी
एका लेखात वाचलं: सोमवारी सकाळी नऊला आलेला मेल हमखास उघडला जातो. ‘शेड्यूल सेंड’ केलं. सोमवार, नऊ. आता काही करायचं नाही.

‘घरगुती’समोर ५ आकडा. पाच मेल म्हणजे ओढ आहे. उघडले नाहीत.

११ जानेवारी, रविवार
किसनराव सकाळीच पुतण्याची कार घेऊन दारात. “चाला, मीच चालवतो.” समजावलं की आज गेलो तर उद्याच्या मेलचा परिणाम जाईल. चहा न घेता गेला. जाताना म्हणाला, “तुमी हुशार हा साहेब. तेच वांधे हायेत.”

दुपारी तिळगुळाचा डबा घासूनपुसून ठेवला. सिंधूला आल्याआल्या लागेल.

१२ जानेवारी, सोमवार
९.००. गेला. शेड्यूल केलेल्याला अनडू नसतं हे आज कळलं. हरकत नाही.

११.१५. उत्तर नाही. मग आठवलं, तिचं उत्तर हिरव्या लेबलखाली जाणार. उघडलं. नवीन काही नव्हतं. तेच पाच. शेवटचा शुक्रवारचा:

‘रविवारी संध्याकाळपर्यंत वाट पाहते. इथल्या शाळेत शिवणाचा वर्ग घ्यायला मला विचारलं आहे, सोमवारी हो-नाही कळवायचं आहे. लिहू नका. न्यायला या.’

त्याखाली माझं उत्तर. शुक्रवारीच, त्याच मिनिटाला गेलेलं. आपला मेल मिळाला. विषय विचाराधीन आहे.

फोन केला. उचलला नाही. गेलेला मेल परत आणता येतो का, तीनपर्यंत शोधलं. येत नाही.

संकल्प: उद्या अकोला. दुपारच्या गाडीने. सकाळी मुद्दे काढून ठेवू.

१३ जानेवारी
सकाळी सातला साडू टेम्पो घेऊन आले. सिंधूचं सामान न्यायला. मी यादी लेखी मागितली. होती. अक्षर सिंधूचं. शिवणयंत्र, दोन ट्रंका, आईची पितळी समई. एकूण नऊ वस्तू. शेवटची, तिळगुळाचा डबा. तो पुसलेलाच होता. मी खाली सही केली.