मंगळावरचा माझा ढिगारा

३ जून २००१
प्रबंध बांधून आला. अकरा वर्षं! मंगळावरच्या एका ज्वालामुखीचा उतार ढासळला आणि पायथ्याशी ढिगारा साचला, एवढंच सिद्ध करता करता चाळिशी उलटली. हे सातपूरहून पहिली पाळी करून आले ते पेढे घेऊनच. म्हटलं, अहो, अजून पुण्याला विद्यापीठात द्यायचाय.

९ जून
कॉलेजात नवं जर्नल आलं. मंगळाभोवती फिरणाऱ्या नव्या यानाने लेझरने मोजलेल्या उंचीचा नकाशा. छपाई पुसट. माझ्या ढिगाऱ्याच्या जागी जमीन खोलगट दाखवलीय. चुकलं असेल त्यांचं. जेवण गेलं नाही.

१० जून
त्यांचं नसेल चुकलं. माझ्याकडे जुन्या यानाने काढलेला, जागेगणिक एकेकच फोटो. उंच की खोल, ते सावलीवरून ठरवायचं. ऊन डावीकडून धरलं तर ढिगारा, उजवीकडून धरलं तर खड्डा. ऊन कुठून, त्याचा बाण फोटोच्या समासात असतो. आणि समास मीच कापले, '९२ साली, फोटो प्लायवर एकमेकांना भिडवून चिकटवायचे म्हणून. ऊन सगळीकडे डावीकडूनच, असं धरून चालले. कॉलेजच्या मुलांना रामशेज किल्ल्यावर नेते नि सांगते, आधी सूर्य बघा. शी!

१२ जून
गाइड सरांना फोन. "बाई, एका पुसट नकाशावरून रडताय काय? मी सही केलीय. नेऊन द्या. तुमच्याशिवाय कुणाला कळणारे?" पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत, मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. मुदत १५ पर्यंत. ती चुकली तर नव्याने नोंदणी, नवा गाइड... नाही. आता अंगात बळ नाही.

१४ जून, संध्याकाळ
हे माळ्यावरून बिस्किटांचा डबा घेऊन आले. आत कापलेले समास! "तू टाकायला दिले होतेस, मी ठेवले. तुला कधी काय लागेल, नेम नाही."
समासांवरचे नंबर माझ्या यादीतल्या फोटोंशी जुळवले. बाकी सगळे बाण डावीकडून. ढिगाऱ्याच्या फोटोचा उजवीकडून.
फोटो उलटा फिरवून धरला, ऊन डावीकडून येईल असा. ढिगारा डोळ्यांदेखत खाली गेला. आता काही केल्या वर येत नाही. दरड नाही, ढिगारा नाही, काही नाही. खूप रडले. यांच्यावरच ओरडले, टाकायचे होते ना तेव्हाच! बिचारे डबा हातात धरून उभे राहिले.
प्रबंध पिशवीत भरलेला आहे. पुण्याची गाडी सकाळी सहाची. हे दोनदा येऊन विचारून गेले, "गजर लावू ना?"