प्रशिक्षणामुळे आज दवाखाना बंद

अक्का, तुम्ही असतात तर हे ऐकून आधी पदर तोंडाला लावून हसला असतात आणि मग माझी चांगली हजेरी घेतली असतीत. मी आता सिस्टरांना शिकवते. सातपुड्यापलीकडून केळी कापायला आणि कापूस वेचायला मजूर येतात, त्यांच्याशी दवाखान्यानं कसं वागावं, हा माझा विषय. तुमच्या वेळी याला विषय म्हणत नसत. तुम्ही पिशवी उचलून बांधाबांधानं चालू लागायचात आणि मी नवी कोरी सिस्टर चप्पल सांभाळत मागून यायचे. आता त्याला पडदा लागतो, प्रोजेक्टर लागतो आणि जेवण तर लागतंच.

या हंगामातलं प्रशिक्षण चोपडा तालुक्यातल्या एका खेड्याच्या दवाखान्यात होतं. फाटकावर फलक लावलेला: ‘स्थलांतरित मजुरांची आरोग्यसेवा’. सकाळभर मी ‘विश्वास’ या एका शब्दावर बोलले. तिथले नवे डॉक्टर पुण्याकडचे, मुलगा गुणी, माझं खोकणंसुद्धा लिहून घेतील असे. दुपारी वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. वाढायला दवाखान्याचे शिपाईभाऊच. माझ्या बट्टीवर तूप सोडता सोडता ते सहज म्हणाले, “म्याडम, सकाळी एक बाई येल व्हती. पोटुशी. पाय सुजेल, डोकं दुखस म्हने. मी सांगी दिधं, आज बठ्ठा ट्रेनिंगमा शेतस, उद्या ये.”

मी विचारलं, कुठली होती? म्हणाले, “केळीना बागमा मजूर शेतस ना, त्यामानी.” मी म्हटलं, भाऊ, हे ट्रेनिंग कुणाचं आहे ठाऊक आहे का? त्यांनी फाटकाकडे पाहिलं. फलक त्यांनीच बांधला होता. “त्यासनंच,” ते म्हणाले आणि तुपाचं भांडं खाली ठेवलं.

भाऊंवर रागवायची सोय नव्हती. फाटक बंद ठेवा, मध्ये कुणी यायला नको, असं मीच सांगितलेलं. पोटुशी बाई, पायावर सूज, त्यात डोकं दुखतंय, म्हणजे रक्तदाब चढलेला असणार. झटके आले तर बाईही जाते आणि पोरही. मी हात धुतले आणि सगळ्यांना उठवलं. बट्टी खाल्लेल्या माणसाला उठवणं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. एक सिस्टर म्हणाली, “मॅडम, दुपारचं सत्र?” म्हटलं, हेच.

आता चित्र डोळ्यांपुढे आणा. केळीच्या बागेशी जीप थांबते, आणि आतून पांढरे डगले उतरतच राहतात. पालांपुढे बसलेली माणसं एकदा आमच्याकडे बघतात आणि दुसऱ्या क्षणी तिथे कुणी नसतं. नसबंदीची गाडी आली असं त्यांना वाटलं. पुरुष सगळ्यांत आधी पळाले, हे ओघानं आलंच. डॉक्टर केळीच्या खुंटांकडे तोंड करून “आम्ही विश्वासाचे लोक आहोत,” असं ओरडत होते. मागे उरली एक म्हातारी, तीही गुडघे धरलेले म्हणून.

मी तिच्या चुलीशी मातीत बसले आणि म्हटलं, “मावशी, थोडं पाणी देता?” अक्का, हा तुमचा पहिला धडा. असल्याच एका पालापुढे मी उभ्यानं नाव काय, गाव काय, पोरं किती विचारत सुटले होते, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत मला म्हणालात, “तू सिस्टर शे का फौजदार? खाले बठ. पानी माग. आपन काही घेतल्याबिगर त्या आपलं काही घेत नई.” मला तेव्हा तुमचा राग आला होता.

म्हातारीनं पाणी दिलं. मग डॉक्टरांकडे बघून बिनदुधाचा चहा ठेवला. डॉक्टरांनी तो कपाळाला आठी न घालता प्यायला आणि आणखी मागितला. तेव्हा म्हातारी बागेकडे वळून तिच्या बोलीत ओरडली. मला समजलं ते एवढंच, की या रे, हे काही कापत नाहीत, यांचीच तोंडं वाळलीत. हसू आलं खुंटांमागून, आणि मग एकेक माणूस. ती पोटुशी बाई सर्वांत शेवटी आली, भिंत नसताना भिंत धरून चालल्यासारखी.

रक्तदाब भीती वाटावी इतका होता. जीपमध्ये ती, नवरा, म्हातारी, डॉक्टर आणि मी. बाकीचं प्रशिक्षण पोटात बट्टी घेऊन उन्हातून पायी परत गेलं. चोपड्याला मोठ्या दवाखान्याकडे जाताना तिनं माझी बाही ओढून हळूच विचारलं, “कल भी ट्रेनिंग है क्या?” तिला फक्त उद्या दार उघडं असेल की नाही एवढंच जाणून घ्यायचं होतं.

मुलगी झाली. लहानशी आहे, पण रडते दणक्यात. आई सावरली. आता कुठलंही प्रशिक्षण असलं की एक सिस्टर आणि एक डॉक्टर वर्गाबाहेर बसतात आणि फाटक उघडं राहतं. शिपाईभाऊ येणाऱ्याला स्वतः पाणी देतात.

सगळीकडे मी सांगते, पाणी मागताना मला आमच्या अक्का आठवल्या. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात, माझेही येतात. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून तुम्हाला सांगते. खरं तर तुम्ही आठवलात ते नंतर, पाणी पिताना. मागितलं तेव्हा मी घाबरले होते, ती बाई हातची जाते की काय म्हणून घसा वाळून गेला होता, आणि मला खरोखरच तहान लागली होती.