चौथं पान, एकतिसावं पान

४ तारीख, शनिवार

चौथं पान म्हणतं, फॉर्ममधून आलेलं नाव ही 'स्ट्रिंग' असते — म्हणजे सरळ वाचता येणारी अक्षरं. एकतिसावं पान म्हणतं, तेच नाव 'बाइट'मध्ये येतं — म्हणजे यंत्राचे कच्चे आकडे, त्यांची अक्षरं आपण करून घ्यायची. प्रोग्रॅम लिहायचं एकच फ्रेमवर्क, त्याचं एकच डॉक्युमेंटेशन, म्हणजे माहितीपुस्तिका! लिहिणाऱ्याने आपलं लिखाण एकदा तरी वाचलं असेल का? जांभया देत खरडलंय मेल्याने.

मी चौथ्या पानावर विश्वास ठेवला. प्रत्येक नावाआधी एक 'b' आणि दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं चिकटून यायला लागली. कापून टाकली. चाललं. डोळ्यांच्या दवाखान्याचं चिठ्ठीयंत्र (नावाच्या दोन चिठ्ठ्या, एक पेशंटला, एक हाक मारायला सिस्टरकडे) सोमवारी सुरू झालंच पाहिजे, हे साहेबांचं आठवडाभर टुमणं. घ्या, झालं.

६, सोमवार

बाबा आठला दवाखान्यात गेले आणि दोनला तपासणी न होताच परत! डावा डोळा कधीच गेलाय, उजव्यातला मोतीबिंदू पिकलाय. आज ऑपरेशनची तारीख मिळायची होती. "बोलावलंच नाही गं मला." सहा तास नुसते बसून! मी नको नको ते बोलले. "लक्ष कुठे असतं तुमचं? आता कानही गेले का?" मोठे डॉक्टर पुन्हा पाच आठवड्यांनी येणार.

बाबा उठून आत गेले. जेवलेही नाहीत.

७, मंगळवार

दवाखान्यातून सिस्टरचा फोन, आवाज चढलेला. "अहो, अर्ध्या चिठ्ठ्यांवर कचरा छापून येतोय! हाक काय मारू? त्या मी बाजूला ठेवून दिल्या."

साहेब सगळ्यांसमोर ओरडले, "चाचणी केली होती का?" केली होती ना! चार वेळा. आणि चारही वेळा मी नाव काय टाकलं? abc. इंग्रजी अक्षरं बाइट असली तरी तशीच दिसतात. आपल्या लिपीतल्या नावांचा चुरा होतो. तो चिकटलेला 'b' बिचारा सांगत होता, हे अजून बाइटच आहेत. मी त्याचंच तोंड दाबलं. दुरुस्ती एका ओळीची होती. दहा मिनिटं लागली. संताप संताप झाला, त्या चौथ्या पानाचा आणि माझाही.

मग एकदम डोक्यात आलं — बाबा!

घरी आल्या आल्या विचारलं, "बाबा, कालची चिठ्ठी कुठेय?"

"फेकली."

"काय होतं तिच्यावर?"

"नाव. दुसरं काय असणार?" माझ्याकडे बघितलंही नाही. काल त्यांच्यावर तोंड सोडलं, आज खरं सांगायला ते उघडेना.

८, बुधवार

सांगितलं नाही. भित्री आहे मी.

९, गुरुवार

डॉक्युमेंटेशनवाल्यांना सोमवारचा सगळा प्रकार लिहून पाठवला होता. उत्तर आलं — "दोन्ही पाने एकत्र वाचल्यास अर्थ स्पष्ट होतो." एकत्र! या शहाण्याला सहा तास त्या बाकावर बसवायला हवं.

साहेबांमागे लागून एक काम मात्र करून घेतलं. ज्यांच्या चिठ्ठ्या बाजूला पडल्या, त्या सगळ्यांना शनिवारी पुन्हा बोलावलंय. मोठे डॉक्टर त्या एका दिवसासाठी मुद्दाम येणार. धावत घरी आले, तर बाबा म्हणतात, "मी नाही येत. आता काय उपयोग?" तीनदा विनवलं, तीनदा तेच. मग माझं डोकं फिरलं. दार आपटलं. म्हातारपणी एवढा हट्ट!

१०, शुक्रवार

बाबांचा सदरा धुवायला घेतला. खिशात चिठ्ठी, चार घड्या घातलेली. \xe0\xa4\xb5\xe0\xa4\xbe — शेवटपर्यंत तसंच.

"फेकली म्हणालात ना?"

चिठ्ठी माझ्या हातातून काढून घेतली. मग म्हणाले, "कसं सांगू तुला? माझंच नाव मला वाचता येईना गं. म्हटलं, उजवाही गेला."