कपाळाच्या आतली खाज

३ ऑक्टोबर
प्लोवदिव्ह शहर सोडून इथे नर्स म्हणून रुजू झाले. रोडोपीच्या डोंगरातलं हे त्वचेचं आरोग्यधाम बघताक्षणी आवडलं. गरम पाण्याचे हौद, पाइनची झाडं, आणि मला स्वतंत्र खोली! पाण्याला गंधकाचा वास येतो, पण नाकाला सवय होईल. स्वयंपाकघरातल्या बाईंनी चीज भरलेली गरम बनित्सा पुढे केली. म्हणाल्या, शहरातल्या नर्सा येताना काडी असतात, जाताना बसच्या दारात अडकतात.

५ ऑक्टोबर
माझ्याकडे एव्दोकिया आजी सोपवल्या आहेत. नागीण कधीच बरी झाली, पण कपाळाची उजवी बाजू खाजायची थांबत नाही. तिथली कातडी बधिर आहे, टाचणी टोचली तरी कळत नाही. डॉक्टर कानेव्ह म्हणाले, कातडीत काहीच नाही, दुखावलेली नस मेंदूला खोट्या हाका मारतेय. आणि दुखत नसल्यामुळे कुठे थांबायचं तेही त्यांना कळत नाही. म्हणून हातांना जाड मोजे बांधून ठेवायचे. आज पट्टी बदलताना खाली पांढरं, हाडासारखं काही दिसलं. पटकन झाकलं.

८ ऑक्टोबर
आजींकडे नुसतं बघून माझी मान खाजते. डॉक्टर हसले. जांभईसारखंच असतं म्हणे. व्याख्यानात ते खाजेवर बोलायला उभे राहिले की पहिली रांग चुळबुळायला लागते.

९ ऑक्टोबर
आजी सकाळपासून रडत होत्या. मोजे नको काढूस, पण तूच खाजव ना पोरी, पट्टीच्या वर, केसांत, एवढंच त्यांचं म्हणणं. मला राहवलं नाही. हलकेच खाजवलं. दूध पिऊन झोपलेल्या बाळासारखा त्यांचा चेहरा सैल पडला.

१० ऑक्टोबर
आजींची खाज गेली! साफ गेली. डॉक्टर चकित. आजींनी दोन वाट्या दही खाल्लं, मुलाला बोलावून सामान बांधलं. निघताना माझा हात धरला, पण डोळ्यांत बघितलं नाही. “नागीण निमित्त होती, पोरी. मला ही खाज जावेकडून आली. तिचं डोकं मी खाजवलं होतं. माफ कर.”
म्हातारपणाची बडबड. — टोपी उजवीकडे काचतेय बहुतेक.

१३ ऑक्टोबर
टोपीमुळे नव्हतं. डॉक्टरांनी कपाळ तपासलं. डाग नाही, पुरळ नाही. गोळ्या दिल्या, बर्फ लावला. मन दुसरीकडे वळव म्हणाले. कुठे वळवू? — बर्फ गार लागलाच नाही.

१५ ऑक्टोबर
नखं मुळापासून कापली. मग कंगवा घेतला. मग चमचा — उशी लाल —

१६ ऑक्टोबर
माझी काळजी घ्यायला नेदा आलीय, नवी नर्स, कोवळी पोर. सारखी गुणगुणते. मोजे तीच बांधते, जेवताना आणि लिहिताना सोडते. मला रडताना बघून तिचेही डोळे भरले. ताई, मी खाजवू का, म्हणाली.
ओठांपर्यंत हो आलं होतं —
नको म्हणून ओरडले. पोरगी घाबरून पळाली.

१७ ऑक्टोबर
दातांनी मोजे सोडले. दार आतून लावलंय. नेदा बाहेरून ठोठावतेय — “ताई, उघडा ना! एकदाच खाजवते, बरं वाटेल!” — नाही. तुला नाही देणार —
बरं वाटतंय. किती बरं — काहीच दुखत नाही —
उजव्या हाताने लिहितेय. मग डावा — बोटं कुठवर — ओलं — मऊ काहीतरी —