म्हाताऱ्या मेंढीची मान

१९ जाने. २००७, शुक्र.
मामाजींनी आज दोन चमचे भाताची पेज घेतली, तेवढंच. सासऱ्याला भरवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. दिवाळीत त्यांचं तोंड दोन बोटं जातील एवढं उघडत होतं, आता दीड. यवतमाळच्या डॉक्टरांनी गालातला तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट २७ ला. वाईट निघालं तर नागपूर.
मामाजी सारखं एकच म्हणतात, "नागपूरले मी जात नाई."
नवरा घरी नाही; दिलीप काल बैलगाडीभर कापूस विकायला आर्णीला गेले. बाकीचा पुढच्या खोलीत आढ्याला टेकलाय. मामाजींची खाट मागच्या ओसरीत हलवली. कापसातल्या किड्यांनी सगळ्यांच्या अंगाला खाज. अंगणवाडीत बसूनही खाजवतच असते मी.

२० शनि.
आपल्या वावरात गंगूबाई धनगरणीच्या मेंढ्या बसल्यात. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या मेंढीचा पाय मोडला, कापावी लागली. गंगूबाई मान आणि पुढचा पाय घेऊन आली.
"सात वेळा व्यालेली होती बाई. घाई करशीन तर चामडं खाशीन."
वास येताच मामाजी उठून बसले. आठ दिवसांत पहिल्यांदा. माय मान शिजवायची, ती तोंडात आपोआप सुटायची, असं सांगत राहिले. इतकं बोललेले ऐकून मलाच घाई झाली. पायाचं मांस कुकरात घातलं. आठ शिट्ट्या. तरी रबर.
मामाजींनी चावायला घेतलं. गालातून रक्त आलं. घास हातात काढून ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. नंतर पेजही नको म्हणाले.
चूक माझी. सांगितलेलं असून ऐकलं नाही.
मानेला हळद-मीठ लावून ठेवली. थंडी आहे, उद्यापर्यंत टिकेल.

२१ रवि.
सुट्टी. मान आज बाहेर, परसात, तीन दगडांवर. घरात एवढा वेळ विस्तव ठेवायची हिंमत नाही, पलीकडच्या खोलीत कापूस. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या वापरल्याच नाहीत, त्या भडकतात आणि ठिणग्या उडवतात. बाभळीची दोन लाकडं, आच अगदी हळू. मान धुवून, पहिलं पाणी उकळून फेकलं. मग आलं, लसूण, नवीन पाणी. झाकणावर पाणी. मिरची नाही, त्यांचं तोंड जळतं. दोन बादल्या भरून जवळ ठेवल्या.
दहाला चढवलं. साडेअकराला सुरी टोचली, जाईना. वरची चरबी काढली. तिचा वास उग्र, पण मामाजी म्हणाले, हाच वास.
बाराला वारा फिरला. एक ठिणगी उडून मागच्या दाराशी ठेवलेल्या कापसाच्या बोऱ्यावर पडली. काळा डाग वाढायला लागला. ओल्या पोत्यानं दाबला, वर बादली ओतली. बोरा ओढत अंगणाच्या मधोमध नेला, उसवून आत पाहिलं. आत नव्हतं गेलं.
मामाजी खाटेवरून म्हणाले, "इझव ते. माह्या एका घासापायी घर जाईन."
"बसा तुमी चुपचाप."
असं याआधी कधी बोलले नव्हते त्यांना.
एक वाजता परत टोचून पाहिलं. दोरखंड. गंगूबाई पाणी न्यायला आली, भांड्यात डोकावली. "सुपारीचा तुकडा टाक. लवकर मऊ येते."
म्हटलं, या घरात दिवाळीपासून सुपारी नाही. मामाजींचा सुपारी-तंबाखूचा खर्रा बंद केला, त्याच दिवशी डबीही फेकली. ती हंडा घेऊन गेली.
मग मामाजींनी गोधडीखाली हात घातला. फडक्याची गाठ काढली, सोडली. अर्धी सुपारी.
"हे घे."
मी विचारलं,
"कवापासून?"
"बंदच नव्हती झाली."
तीन महिने मी पेज गाळून देतेय. डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं की सोडलंय. विचारलं, अजून कुठे आहे. त्यांनी तीन जागा सांगितल्या. उशीच्या खोळीत, बैलांच्या गोठ्यातल्या कोनाड्यात, जुन्या चपलेत. सगळी गोळा करून विस्तवात टाकली. भांड्यात एक तुकडाही नाही.
"शिजायचं तवा शिजन," म्हटलं.
त्यांनी मान हलवली.
साडेचारला हाड उचललं तर मांस भांड्यातच राहिलं. चिमटीत धरलं की सुटत होतं. बोटांनी कुस्करलं, रश्श्यात भाकर चुरली. पहिला घास त्यांनी बराच वेळ तोंडात धरला. मी त्यांच्या गळ्याकडे पाहत होते.
गेला.
वाटीभर खाल्लं. अर्धी अजून. "मायच्या हातचं नाई हे," म्हणाले. "पन गेलं."
मी विचारलं, रिपोर्टात काही निघालं तर नागपूरला येणार का. त्यांनी रिकामी वाटी माझ्या हातात दिली.

२२ सोम.
उरलेला रस्सा सकाळी स्वतःहून मागितला.
दुकानातल्या फोनवर दिलीप. वजनकाटा बंद, गाड्यांची रांग हलत नाही. बैलांना कडबा विकत घ्यावा लागतोय. "बाबा कसे?" विचारलं. जेवले म्हटलं. सुपारीचं सांगितलं नाही. सांगितलं तर बापाशी बोलणं टाकतील. नाही सांगितलं तर मीही…

२४ बुध.
सुपारी बंद होऊन तीन दिवस. मामाजींची चिडचिड फार. कप फेकला. "मले कोंडून ठेवलं तुनं," म्हणाले. शेजारच्यांनी ऐकलं.
अंगणवाडीतून आले तर खाट रिकामी. विहिरीकडे आधी धावले, का ते लिहीत नाही. तिथे नव्हते. पानठेल्यापाशी काठी टेकून उभे होते.
"उभाच होतो. घेतला नाई."
पानठेलेवाला दुसरीकडे पाहत होता. खरं-खोटं त्याला विचारता आलं असतं. विचारलं नाही. हात धरून आणलं. वाटेत दोनदा थांबले, दोन्ही वेळा माझ्या हातावर भार टाकला.

२६ शुक्र.
अंगणवाडीत झेंडा, पोरांना चिवडा. गंगूबाईचा कळप उद्या बोरी अरबकडे निघतो. आज निरोपाला येऊन ताजे खूर देऊन गेली. तेही तसेच शिजवले, दिवसभर. मामाजी विस्तवाजवळ बसून लाकूड मागे-पुढे करत होते. मी न सांगता.
दिलीप दुपारी आले. कापूस एकदाचा मोजून झाला. तोंड उन्हानं काळं. पाणी पीत होते तेव्हाच मामाजी म्हणाले,
"दिल्या, सुपारी मी खातच होतो. इनं पकडलं नाई. मीच देल्ली."
दिलीपनी लोटा खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. "तुले मालूम होतं?" मी हो म्हटलं. ते बैल सोडायला गेले आणि तासभर गोठ्यातच राहिले.
जेवायला आले, बापाशेजारी बसले. खुरातलं मांस त्यांनीच सोडवून मामाजींच्या वाटीत टाकलं.

२७ शनि.
यवतमाळ. दवाखान्याच्या बाकावर लिहितेय. लिफाफा मिळाला, चिकटवलेला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये, थांबा म्हणतात. दिलीप लिफाफा गुडघ्यावर ठेवून बसलेत, त्यावर घामाची बोटं उठलीत.
मामाजी मघाशी म्हणाले, "तुले इंग्रजी येते ना. फाडून वाच."
"डॉक्टरच सांगतीन."
मग मामाजींनी दिलीपला विचारलं, नागपूरची गाडी इथूनच लागते का. कालपासून बापानं लेकाशी बोललेलं पहिलं साधं वाक्य. दिलीप म्हणाले, इथूनच. दर तासाले.
मामाजींनी मग सदऱ्याची वरची गुंडी लावली. बोटं नीट चालत नाहीत, दोन-तीनदा सुटली. मी हात पुढे केला नाही.
आत नाव पुकारलं. आमच्या आधी तेच उठले.