तळमजल्याचं शास्त्र

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी आधी. कॉलेजच्या नव्या इमारतीतला तळमजल्यावरचा मोठा हॉल आमच्या फिजिक्सला मिळाला! जे शास्त्र सगळ्यात मूलभूत त्याला तळमजला, असं प्राचार्य म्हणाले होते. मग काय, सभेत जुंपलीच. केमिस्ट्रीवाले हमरीतुमरीवर आले. गणिताचे सर म्हणाले की तुम्हा सगळ्यांचा पाया आम्हीच. त्यांना जिन्याखालची खोली देऊन मान राखला.

तुझी भावजय बॉटनीतर्फे उठली, पण शास्त्राचं अक्षर बोलली नाही. कुंड्या आणि मातीची पोती वर कशी न्यायची, गुडघा दुखतो, लिफ्ट नाही, हेच रडगाणं. मी भर सभेत सांगितलं की बॉटनी म्हणजे शेवटी केमिस्ट्री आणि केमिस्ट्री म्हणजे शेवटी फिजिक्स. सबब बॉटनी तिसऱ्या मजल्यावर. टाळ्या पडल्या, ताई! घरी आल्यापासून ही गप्प आहे. मुद्दा पटला असावा.

लोभ आहेच, या खेपेस थोडं कौतुकही यावं.

तुझा,
गुंड्या

२० जून

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

पत्र दवाखान्यात वाचलं आणि इतकी हसले, की खुर्चीतला पेशंट आपली दाढ विसरला. लोकांना तोंड उघडायला लावणं हा माझा धंदा. तुझं बंद करणं मात्र जन्मात जमलं नाही. लहानपणीही खिडकीची जागा हवी असली की तू असंच एखादं तत्त्व काढायचास.

अरे शहाण्या, बायको गप्प बसली म्हणजे तिला पटलं, हे कुठल्या प्रयोगात सिद्ध झालं? आणि पाया म्हणवून घेणाऱ्यानं वरचं ओझं पेलायचं असतं. तू ओझं तिच्या डोक्यावर दिलंस आणि खाली मिरवतोयस. हॉल सोडवत नसेल तर निदान पोती तरी वर नेऊन दे.

आशीर्वाद भरपूर आहेत, अक्कल तुझी तू बघ.

ताई

२ ऑगस्ट

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

माझा पाय मोडल्याचं यांनी तुम्हाला कळवलं, पण कसा मोडला ते गाळलं असणार, म्हणून लिहिते.

मातीचं पोतं घेऊन चढताना जिन्यावरून कोसळले. तेव्हा हे खाली नव्या हॉलमध्ये गुरुत्वाकर्षण शिकवत होते. धाडकन आवाज झाल्यावर यांनी मुलांना सांगितलं म्हणे, की बघा, उदाहरण आयतं चालून आलं. मुलं हसली. दार उघडून पाहिलं, तर उदाहरण मी.

हॉस्पिटलमध्ये हे रडले. दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांना म्हणाले की हॉल बॉटनीला द्या. प्राचार्यांनी हॉल तत्परतेनं काढून घेतला आणि केमिस्ट्रीला दिला. त्यांची तयारी होतीच. आता फिजिक्सही तिसऱ्या मजल्यावर, आमच्या शेजारी. पोती हेच चढवतात आणि मजल्यामजल्यावर दम खातात. मला दया येते, पण फार नाही.

जिना मला तीन महिने बंद, म्हणून मी कॉलेजच्या मागच्या अंगणात वर्ग भरवते. ती जागा कुणालाच नको होती, त्यामुळे सभा झाली नाही. काल हे येऊन शेवटच्या बाकावर बसले आणि चक्क हात वर केला. मिट्ट अंधारातसुद्धा मुळाला खाली कुठे ते कसं कळतं, असं विचारलं. लग्नाला एकवीस वर्षं झाली. मला शास्त्रातलं काही विचारायची यांची ही पहिलीच वेळ.

उत्तर येत होतं, वन्सं. तरी मी म्हटलं, तास संपला, उद्या वेळेवर या.

माया आहे तशीच राहू द्यावी.

आपली,
भावजय