बर्फाखालचं पाणी

नुर्मेस, १४ जानेवारी

प्रिय हैनी,

पाकिटावरचं अक्षर तू लगेच ओळखलं असशील. सव्वीस वर्षांत एका ओळीचंही पत्र न पाठवणारी बाई आज काय लिहिते आहे, असंही मनात आलं असेल. तू ते न उघडता चार दिवस टेबलावर ठेवलंस तरी माझी तक्रार नाही. मी स्वतः चौथ्यांदा लिहायला बसले आहे. आधीचे तीन कागद शेगडीत गेले.

इकडे नाताळपासून पारा वर यायचं नाव घेत नाही. आज सकाळी उणे एकवीस. सरोवर पलीकडच्या काठापर्यंत गोठलं आहे. मी अजून पळते. सदुसष्टाव्या वर्षी त्याला पळणं म्हणायचं की घाईनं चालणं, ते बघणाऱ्यानं ठरवावं. मंगळवारी आणि गुरुवारी शाळेतल्या मुलामुलींना जंगलातल्या दिव्यांच्या वाटेवर घेऊन जाते. सरोवरावर कधीच नेत नाही. दर पंधरा मिनिटांनी सगळ्यांना एका दिव्याखाली उभं करते, नाकावर-गालावर हिमदंशाचा पांढरा डाग उमटलाय का ते बघते, मग एकेकाचे बूट हातानं चाचपते. पाठीवरच्या पिशवीत कोरड्या मोज्यांच्या नऊ जोड्या असतात. पोरं मला थर्मामीटर म्हणतात. परवा एक जण म्हणाला, "हिल्का, माझ्या आईनंसुद्धा माझे पाय इतक्यांदा बघितले नाहीत गं!" सगळे हसले, मीही हसले. पण घरी पोचल्याचे सगळ्यांचे निरोप फोनवर आल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. आठ निरोप आले आणि नववा आला नाही, की मी खिडकीशी जाऊन उभी राहते.

हे असं का, ते जगात तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तरी आज मला ते लिहायचं आहे, जसं घडलं तसं.

सव्वीस वर्षांपूर्वीचा फेब्रुवारीतला पहिला रविवार होता, पारा उणे सव्वीस. तू सोळा वर्षांची. तू आणि आणखी तिघी माझ्याकडे पळण्याच्या सरावाला यायचात. मार्चमधल्या शर्यतीत तू पहिली येणार हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. तुझ्यासाठी, असं मी तेव्हा म्हणायचे. खरं तर तुझ्या वयाची असताना मी स्वतः कधी तिसऱ्या क्रमांकाच्या वर आले नव्हते. सरोवरावरून बेटाला वळसा घालून परत, बारा किलोमीटर, असा बेत होता. वर पडणाऱ्या बर्फाचं ओझं वाढलं की सरोवराचा गोठलेला थर दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि मऊ बर्फाखाली लपून राहतं, हे इथलं लहान पोरही जाणतं. मला दोन दिवस आधी एका मासे धरणाऱ्यानं सांगितलंही होतं, "बेटाच्या मागे जाऊ नका, पाणी आलंय." मी मान डोलावली होती.

बेटामागे तुझा डावा पाय घोट्यापर्यंत आत गेला. बाकीच्या तिघी बऱ्याच मागे राहिल्या होत्या. तू मला गाठलंस आणि म्हणालीस, "हिल्का, बूट आतून भिजलाय. मी बेटावरच्या झोपडीत चूल पेटवून बसते, तू बर्फावरून गाडी घेऊन येशील?" इतकं शहाणपणाचं बोलणं सोळा वर्षांच्या पोरीचं! मी घड्याळ बघितलं. म्हटलं, "आजच्याइतकी चांगली वेळ तू आजवर दिलेली नाहीस. पळत राहा, पाय आपोआप गरम होईल." आणि वर म्हटलं, "नाटकं पुरे."

तू पळालीस. तीन किलोमीटर लंगडत, मग हळूहळू सरळ. काठ दिसायला लागला तेव्हा तू म्हणालीस, "आता दुखत नाहीये." मी म्हटलं, "बघ! सांगत होते ना?" हैनी, आपला हा संवाद माझ्या डोक्यातून एक दिवसही गेलेला नाही. वाफेच्या सॉनाच्या बाहेरच्या खोलीत तुझा मोजा बुटाला चिकटून बसला होता. कात्रीनं कापून काढला तेव्हा तुझी बोटं मेणबत्तीसारखी पांढरी आणि कडक दिसली.

त्यातली दोन बोटं मार्चमध्ये काढावी लागली. आपल्या धावण्याच्या क्लबच्या बैठकीत मला विचारलं, "पाय भिजल्याचं तिनं तुला सांगितलं होतं का?" मी म्हणाले, "नाही. सांगितलं असतं तर तिथंच थांबवलं नसतं का?" तू खिडकीपाशी बसली होतीस, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. तू माझ्याकडे बघितलंस. आता ही बोलणार, असं मला वाटलं. तू खाली बघितलंस. तू का गप्प राहिलीस, ते मला आजही कळलेलं नाही. माझ्यावर विश्वास होता म्हणून, की उडाला म्हणून?

मग गावभर झालं, की हैनी हट्टी, शर्यतीपायी लपवून ठेवलं. ईस्टरला तुझी आई माझ्याकडे केक घेऊन आली. "आमच्या पोरीमुळे तुला फार मनस्ताप झाला," म्हणाली. मी तो केक खाल्ला.

या गुरुवारी सकाळी मी तुझ्या आईकडे, आइलीकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं. तिनं कॉफी ओतली होती. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सव्वीस वर्षं मी माझ्या पोरीला त्या हट्टावरून बोलत आले. म्हणून ती इथं वर्षातून दोनदाच येते. ऊठ हिल्का, कप तसाच राहू दे." मी उठले.

आता हे सगळं आजच का, ते सांगते. नोव्हेंबरपासून माझ्या गटात एक नवी मुलगी येते. आडनाव बापाचं, त्यामुळे मला काही कळलं नाही. फक्त पळतानाचे तिचे तुझ्यासारखे सैल खांदे बघून का कोण जाणे, अस्वस्थ व्हायचे. गेल्या मंगळवारी बुटाची नाडी बांधता बांधता ती म्हणाली, "माझी आई याच गावची. लहानपणी नुसत्या हट्टापायी पायाची दोन बोटं घालवून बसली आणि आता मला पळू देत नाही. इथं मी शाळेसाठी आजीकडे राहते, तिला वाचनालयात जाते असं सांगून येते. तू कुणाला सांगू नकोस हं." ती तुझी केर्तू आहे, हैनी. तू तिलाही माझंच खोटं सांगून ठेवलंस. मी तिला तिथूनच परत पाठवलं, आईच्या परवानगीशिवाय येऊ नकोस म्हटलं. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मी काय केलंय?" तिला पळू द्यायचं की नाही, माझ्याबरोबर की दुसऱ्या कुणाबरोबर, ते तू ठरव. नाही म्हणालीस तर मी पुन्हा विचारणार नाही. क्लबलाही मी सगळं लिहून दिलं आहे. पण ती तुला हट्टी समजते, तेवढा गैरसमज तरी हे पत्र तिच्या हातात देऊन दूर कर. तू सांगितलं होतंस. मी ऐकलं होतं.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल, तर तुझीच,
हिल्का